पानी, पाणी, येर

२०२५ च्या जून महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी एक सभा झाली. पहिलीपासून हिंदी नको म्हणून. १६ एप्रिलला सरकारनं कागद काढला होता की पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी. बोंबाबोंब झाली तसा १७ जूनला दुसरा कागद निघाला. त्यातून 'अनिवार्य' शब्द गाळला, पण हिंदी तिथंच ठेवली. दुसरी भाषा पाहिजे असेल तर वर्गात २० पोरं जमवा म्हणे. शेवटी २९ जूनला दोन्ही कागद मागं घ्यावे लागले. आमची सभा त्याच्या आधीच्या आठवड्यातली.

मी बोललो त्या सभेत. रिटायर मास्तर, त्यात बौद्ध, सभा भरवणाऱ्यांना असा एक माणूस मंचावर लागतोच. चांगलं बोललो. आईच्या दुधाबरोबर भाषा येते, लेकराच्या तोंडातली भाषा काढून घेणं म्हणजे त्याची जीभ छाटणं, वगैरे. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर एक चाळिशी ओलांडलेला माणूस उभा. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदं.

"गुर्जी, मले वळखलं का?"

नाही वळखलं. मग त्यानं गावाचं नाव सांगितलं, साल सांगितलं. माझ्या पहिल्या शाळेतलं पोरगं.

"बोलले तं चांगले, गुर्जी. पन माह्या नावाचं काय करता आता?"

त्याच्या नावाचं काय, ते पुढं सांगतो. आधी माझं सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की ह्या म्हाताऱ्याला उतारवयात आदिवासींचा पुळका कुठून आला.

मी भंडारा जिल्ह्यातला. १९६८ साली पहिलीत गेलो. आमच्या घरी 'मले', 'तुले', 'काऊन', 'कोठी गेलता'. पाण्याला 'पानी'. शाळेतले गुरुजी बामन, पुण्याकडं शिकून आलेले. त्यांच्या कानाला आमचा 'न' सहन होत नसे. "पानी नाही रे, पाणी. टाळूला जीभ लाव. म्हण दहा वेळा." मी दहा वेळा म्हणायचो. मागून पोरं हसायची. त्याच शाळेच्या व्हरांड्यात घागर होती, तिला आमचा हात लागायचा नाही. कुणीतरी वरून ओतायचं, आम्ही ओंजळ धरायची. म्हणजे शब्द माझ्या तोंडात शुद्ध करून बसवला आणि घागर आपल्या जागी तशीच ठेवली. महाडच्या तळ्याला तेव्हा एकेचाळीस वर्षं होऊन गेली होती.

पुढं नागपूरला डी.एड. ला असताना 'गोलपिठा' हाती पडलं, मग 'बलुतं'. आमची बोली छापता येते, पुस्तकात येते, आणि तिच्यावर पांढरपेशे वाचक चर्चा करतात, हे पहिल्यांदा कळलं. त्या वयात असं वाटलं की भाषेचा प्रश्न आपण जिंकला. वस्तीवर दोन दिवस मी मुद्दाम 'मले तुले' बोलत फिरलो होतो.

१९८५ साली गडचिरोलीत नेमणूक झाली. जिल्हा चंद्रपुरातून तोडून तीनच वर्षं झाली होती. एस.टी. जिथं थांबायची तिथून नऊ किलोमीटर पायी. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पटावर बेचाळीस पोरं. त्यातली एकोणचाळीस गोंड. बाकी तीन ढिवराची.

माझा मोठा पराक्रम असा की भिंतीवरच्या तक्त्यात 'ग गणपतीचा' होता, तो मी कागद चिकटवून 'ग गवताचा' केला. सोबतचे हेडमास्तर चिडले. मी म्हणालो, राज्यघटना वाचा. ह्या एका गोष्टीवर मी नागपूरच्या मित्रांना चार पानांचं पत्र लिहिलं होतं. गणपती गेला, बाबासाहेबांचा फोटो लागला. पण पहिलीतल्या एकाही लेकराला 'गवत' हा शब्द माहीत नव्हता, ही गोष्ट मला दुसऱ्या सत्रात कळली. त्यांच्या कानाला गणपती काय नि गवत काय, दोन्ही परकेच. माझं भांडण बामनाशी चालू होतं. वर्गात बसलेली चौदा पोरं त्या भांडणात कुठंच नव्हती.

वर्ग कसा चालायचा ते सांगतो, कारण शहरातल्या मित्रांना ह्याची कल्पना येत नाही. मी वाक्य म्हणायचो, पोरं मागून म्हणायची. मोठ्यानं, सुरात. चौथीतलं पोरगं अख्खं पान न अडखळता वाचून दाखवायचं. विस्तार अधिकारी आले की मी त्यालाच उभं करायचो. साहेब खूश, शेरा चांगला. एकदा साहेब गेल्यावर मी त्याला सहज विचारलं, की तू वाचलं त्यात काय झालं रे? तो माझ्याकडं पाहत राहिला. मग त्यानं तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्याला वाटलं, वाचण्यात चूक झाली.

आणि एक गोष्ट. पावसाळ्यातला दिवस. पहिलीतलं एक पोरगं उठून माझ्याजवळ आलं नि म्हणालं, "येर." मी म्हणालो, "मराठीत बोल." ते पुन्हा म्हणालं, "येर." मी फळ्याजवळ उभं केलं त्याला. "पाणी. म्हण दहा वेळा. पाणी." ते म्हणालं, दहा वेळा. 'ण' चुकत होता. 'पानी' म्हणत होतं. मी म्हणालो, "पानी नाही, पाणी. टाळूला जीभ लाव." मग ते जाऊन आपल्या जागेवर बसलं. पाणी न पिता.

दोस्तहो, मला त्या दिवशी काहीही वाटलं नाही. आत्ता लिहिताना वाटतं ते वेगळं. त्या दिवशी मी संध्याकाळी वरण-भात शिजवला आणि झोपलो. येर म्हणजे पाणी हे मला आठवड्यानं ढिवराच्या पोरीनं सांगितलं.

तेच पोरगं आता चाळिशी ओलांडून माझ्यासमोर पिशवी घेऊन उभं होतं.

नावाची भानगड अशी. दाखल करताना त्याचा बाप आला होता. घरचं नाव दिवसावरून पडलेलं, ज्या वारी जन्मला त्या वाराचं. आमच्यातही असली नावं होतीच. माझा एक काका वाराच्याच नावाचा, दुसरा उकिरड्यावरून ठेवलेल्या नावाचा. ती नावं आम्ही छप्पन सालानंतर झाडून टाकली. लेकरांना बुद्धाच्या शिष्यांची, राजांची नावं दिली. तेव्हा मला काय वाटलं असेल ते ओळखा. मी हजेरीपटावर त्याच्या नावाच्या जागी बुद्धाच्या एका शिष्याचं नाव लिहिलं. आडनाव तेवढं ठेवलं. बापाला मराठी येत नव्हती, त्यानं मान हलवली. त्या वर्षी असली सहा नावं बदलली मी. मान देतोय असंच वाटत होतं. आमचे बाप-आजे आपली नावं स्वतः बदलत होते, ठरवून, दीक्षेसोबत. इथं मी एकट्यानं, टाकानं, दुसऱ्याच्या लेकराचं बदललं. हा फरक मला कुणी सांगितला नाही आणि माझ्या डोक्यात आला नाही.

आता त्या नावानं काय केलं. पोरगं चौथीत शाळा सोडून गेलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझं नाव. त्या दाखल्यावरून जातीचा दाखला निघाला, त्याच्यावरही माझं नाव. मतदार यादीत, रेशन कार्डात, ग्रामसभेच्या वहीत घरचं नाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यानं बापाच्या ताब्यातल्या जमिनीचा दावा टाकला, तो घरच्या नावानं. कागदपत्रात जातीचा दाखला लावला. वरच्या समितीनं म्हटलं, ही दोन वेगळी माणसं दिसतात. तो कितीतरी वर्षं हेलपाटे मारत होता. कुणीतरी सांगितलं, ज्या मास्तरानं नाव घातलं त्याचं प्रतिज्ञापत्र आण. म्हणून तो सभेला आला होता. मातृभाषेसाठी नाही.

इथं थांबलो असतो तर ही माझ्या एकट्याच्या पापाची गोष्ट झाली असती. पण तसं नाही. मी जे वर्गात केलं ते देशानं पद्धतशीर केलं आहे, आणि त्यातही एक काम माझ्याच हातून झालं.

१९९१ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. मास्तरांनाच ते काम असतं. फॉर्मात मातृभाषेचा रकाना. व्याख्या अशी दिलेली, की त्या माणसाच्या आईनं लहानपणी त्याच्याशी जी बोलली ती भाषा. साधी, सरळ व्याख्या. मी घरोघर गेलो, मराठीत विचारलं, लोकांनी मोडक्या मराठीत उत्तर दिलं, मी लिहिलं: मराठी. पन्नास-साठ घरं. काही घरं मी विचारलंसुद्धा नाही. उन्हाचे दिवस, काम उरकायचं होतं. एका म्हातारीला तर माझा प्रश्नच कळला नाही, तिच्या नातवानं समजावून सांगितला, गोंडीत. आणि मी लिहिलं मराठी.

आता आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत देशात गोंड जमातीची माणसं कोटीच्या वर. मातृभाषा गोंडी सांगणारी २९ लाख ८४ हजार. बाकीच्यांपैकी किती जणांची भाषा खरंच सुटली आणि किती जणांची माझ्यासारख्यानं रकान्यात मारली, ह्याचा हिशेब कुठं आहे? तरी ते जाऊ द्या, २९ लाखच धरा. घटनेच्या आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. त्यात गोंडी नाही. एक कोटीच्या वर लोकांची भिली नाही. त्याच जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. ती पहिल्या दिवसापासून यादीत. आमच्या एका तालुक्याच्या बाजाराला ह्याहून जास्त गोंडी कानावर पडते.

कायदा नाही असं म्हणाल तर कायदा आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली. तिनं ठरवलं, की शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं वेगळ्या मातृभाषेची असतील तर त्यांना प्राथमिक शिक्षण त्या भाषेत द्यायचं. माझ्या त्या शाळेत पहिलीतच दहाच्या वर होती. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीनं ३५०-क कलम घातलं. भाषिक अल्पसंख्य वर्गाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा राज्यानं प्रयत्न करावा. ती दुरुस्ती १ नोव्हेंबरला लागू झाली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर अठरा दिवसांनी. २००९ चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो, माध्यम शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेचं असावं. 'प्रयत्न करावा', 'शक्य तितकं'. मास्तरकी केलेल्या माणसाला हे शब्द चांगले कळतात. आम्हीही निरीक्षण वहीत असंच लिहायचो.

आणि ज्यांच्यासाठी शक्य करायचं त्यांच्यासाठी ते झालेलं आहे. आपल्या बालभारतीची पुस्तकं मराठीखेरीज उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधीत निघतात. चांगली गोष्ट आहे, निघालीच पाहिजेत. पण ही यादी नीट बघा. जिच्यामागं शेजारी एखादं राज्य आहे, व्यापार आहे, छापखाना आहे, शिकलेला मध्यमवर्ग आहे, तिला पुस्तक. १९५६ आणि १९६० ला भाषेवर राज्यं आखली तेव्हा गोंडीवरून चहूकडून रेघा गेल्या. थोडी मध्य प्रदेशात, थोडी महाराष्ट्रात, थोडी आंध्रात, थोडी ओरिसात. पुढं मध्य प्रदेशातून छत्तीसगड निघालं, आंध्रातून तेलंगणा. तुकडे वाढले. प्रत्येक ठिकाणी ती मूठभरांची. गावकुसाबाहेर ठेवायची ही रीत आपल्याला नवी नाही.

बाबासाहेबांनी ह्यावर बोलून ठेवलं आहे. ८ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत आजच्या २९-३० कलमांचा मसुदा चालू होता. तिथं त्यांनी समजावून सांगितलं की अल्पसंख्य हा शब्द इथं नेहमीच्या तांत्रिक अर्थानं नाही. मद्रासकडचे लोक मुंबईत येऊन राहिले किंवा महाराष्ट्रातले बंगालात जाऊन राहिले, तरी भाषेनं, संस्कृतीनं ते अल्पसंख्यच, आणि त्यांनाही हे संरक्षण. परगावी गेलेल्या माणसाला जर ते आहे, तर स्वतःच्या जंगलात बसलेल्याला का नाही? १९५५ च्या भाषावार राज्यांवरच्या पुस्तिकेत त्यांनी धोका दाखवला, की भाषेचं राज्य म्हणजे तिथल्या बहुसंख्य जातीचं राज्य होऊ शकतं. हे आपण सभेत सांगतो. त्याच पुस्तिकेत त्यांनी असंही म्हटलं, की प्रादेशिक भाषा राज्याची राजभाषा करू नये, राजभाषा हिंदी असावी आणि तोवर इंग्रजी. हे आपण सांगत नाही, कारण सोयीचं नाही. मला ते पटत नाही. पण त्यांची भीती कशाची होती ते कळतं. फुटण्याची. कालच फाळणी पाहिलेल्या माणसाची भीती ती.

आता आपल्यातला वाद. कारण ही गोष्ट मी मित्रांना सांगितली तेव्हा एका तरुण कार्यकर्त्यानं मला सरळ सुनावलं. "सर, मातृभाषा मातृभाषा हे बामनांचं आहे. त्यांची पोरं कॉन्व्हेंटात नि आपल्याला मातृभाषेचं प्रेम शिकवतात. गोंडाच्या पोराला गोंडीत शिकवून जंगलातच ठेवायचं काय? त्याला इंग्रजी द्या."

हा संशय खोटा नाही. मी त्याला खोटा म्हणणार नाही. गोंड आईबापसुद्धा पुष्कळदा हेच म्हणतात. इंग्रजी शाळा पाहिजे, आश्रमशाळेत घाला, गोंडी घरी आहेच. पण मी चौतीस वर्षं ह्या वर्गात उभा राहिलो आहे, तेवढ्या जोरावर एक सांगतो. माझ्या वर्गातल्या पोरांना मराठी मिळाली नाही, इंग्रजी मिळाली नाही, आणि जी होती ती लाजेची करून ठेवली. पहिलीत जे कळलं नाही त्यावर दुसरी चढवली, त्यावर तिसरी. चौथीत पोरगं जनावरामागं गेलं आणि आम्ही शेरा लिहिला: पालक उदासीन. गोंडीत सुरुवात करून त्याच दमात मराठी नि इंग्रजी देता येत नाही, असं कुणी सांगितलं? ओडिशानं २००७ च्या सुमाराला दहा आदिवासी भाषांत पहिलीपासून शिकवायला सुरुवात केली, त्या भाषा बोलणारी माणसं शिक्षक म्हणून घेऊन, हळूहळू उडियाकडं नेत. तिथंही अडचणी आहेत, मी स्वर्ग म्हणत नाही. लिपीचं कारण तर मला सांगूच नका. गोंडीसाठी मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ सालीच लिपी तयार केली होती. आणि लिपी नसली तरी अडत नाही. मराठीची मोडी गेली, मराठी राहिली.

आमच्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली ठराव करून स्वतःची गोंडी शाळा काढली. कुणा संस्थेनं नाही, गावानं. पेसा कायदा १९९६ चा आहे, ग्रामसभेला आपल्या रीतीभाती, संस्कृती राखायचा अधिकार देतो. त्या शाळेला शिक्षण खात्याची नोटीस गेली, मान्यता नाही म्हणून. साठ वर्षं 'प्रयत्न' करणाऱ्या राज्याला तेवढं मात्र लगेच जमलं. ज्या आठवड्यात मुंबईत हिंदीविरुद्ध मराठीचा जयघोष चालू होता, त्या आठवड्यात ह्या शाळेचं नाव एकाही भाषणात मी ऐकलं नाही. माझ्या भाषणातही नव्हतं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याच दिवशी पालीलाही. आम्ही विहारात पेढे वाटले. पाली आपली म्हणून. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. बामन कुळातून आलेले दोन भिक्खू बुद्धाकडं जातात नि म्हणतात, नाना कुळांतली माणसं आपापल्या भाषेत तुमचं वचन बोलून बिघडवतात, आम्ही ते छंदात, म्हणजे वेदांच्या भाषेत बांधून ठेवतो. बुद्धानं त्यांना फटकारलं, आणि वचन 'आपल्या' भाषेत शिकायची मुभा दिली. आपली म्हणजे बुद्धाची का शिकणाऱ्याची, ह्यावर पंडित अजून भांडतात. मला भांडायचं नाही. पेढा खाताना मला तो फळ्याजवळचा पोरगा आठवला नव्हता, एवढं खरं.

तहसीलात गेलो आम्ही दोघं. प्रतिज्ञापत्र केलं, की वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून शाळेतील नाव मी, तत्कालीन शिक्षक, माझ्या मर्जीनं नोंदवलं होतं. बाबू म्हणाला, "मर्जीनं कशाला लिहिता सर, अनवधानानं लिहा." मी म्हणालो, मर्जीनंच लिहा. त्याच्या सोबत त्याची लेक होती, नववीतली. तिला गोंडी येते का विचारलं. "समजते," तो म्हणाला, "बोलत नाही." दावा अजून वर पडून आहे. बाकीच्या पाच नावांपैकी दोघांचा पत्ता लागला, एक जण वारला, दोघींची लग्नं होऊन त्या छत्तीसगडात गेल्या.

आता काम. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. प्रगणक पुन्हा मास्तरच असणार, आणि त्यात पुष्कळ आपलेच असणार. मातृभाषेच्या रकान्यात घरचा माणूस जे सांगेल ते लिहायचं असतं, प्रगणकाला बदलायचा अधिकार नाही, हे टोल्यावर टोल्यावर जाऊन सांगायला माणसं पाहिजेत. गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी, भिली, जी असेल ती. ज्यांना धानोरा, कोरची, एटापल्लीकडं यायचं त्यांनी संपादकांकडं नाव कळवा. राहायची सोय होईल. येताना गोंडी येणारं एक माणूस सोबत धरा. माझ्यावर विसंबू नका, मला चौतीस वर्षांत चाळीसेक शब्द आले.